ओबामाची अर्ध्या तासाची जाहिरात: पाहिलीत का? मत बदललं का?

शेवंती_ओहायो | २९ ऑक्टोबर २००८, रात्री ८:५२ (सगळ्या वेळा ईस्टर्न)

पाडव्याचं ओवाळून झालं. तबकातली सुपारी अजून तशीच आहे आणि मी टंकायला बसलेय, कारण आत्ता पाहिलेलं डोक्यातून जात नाहीये.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: आठ वाजता सीबीएस, एनबीसी, फॉक्स, युनिव्हिजन सगळीकडे एकदमच बराक ओबामा. (एबीसीवर नेहमीची मालिका चालू होती, माझी मुलगी तिथे पळाली.) तीस सेकंदांची नाही, पुरत्या तीस मिनिटांची जाहिरात. सुरुवातीला गव्हाची शेतं. मग चार कुटुंबं: मिझुरी, ओहायो, न्यू मेक्सिको, केंटकी. मध्ये मध्ये ओबामा एका ऑफिससारख्या खोलीत, मागे लाकूडकाम, झेंडा. अध्यक्ष झालाच आहे असं वाटावं अशी बेतलेली खोली. आणि शेवटची काही मिनिटं थेट फ्लोरिडातल्या सनराइज गावच्या सभेतून, तीसुद्धा सेकंदाला सेकंद जुळवून.

मी नागरिक होऊन दोनच वर्षं झाली. अध्यक्षपदासाठीचं हे माझं पहिलं मत. घरात हे ओबामाचे पक्के. मी अजून ठरवलेलं नाही. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या, साडेपाच वर्षं व्हिएतनाममध्ये कैदेत काढलेल्या मॅकेनबद्दल मला आदर आहे, तो एका जाहिरातीने जाणार नाही.

पण ओहायोचे ते आजोबा! रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ७२, आणि बायकोच्या संधिवाताच्या औषधांसाठी पुन्हा दुकानात नोकरीला लागलेत. माझे वडील दौंडला रेल्वेत होते. पेन्शन बेताचीच, पण आईची औषधं रेल्वेच्या दवाखान्यातून यायची. वयाच्या बहात्तराव्या वर्षी अण्णा कुणाच्या दुकानात बिल्ला लावून उभे आहेत हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

तुम्हाला काय वाटलं? आणि खरं सांगा, कुणाचं मत हललं का?

टेक्सासचा_तात्या | रात्री ९:१०

अकरा मिनिटं पाहिली आणि बंद केली.

ताई, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण हा सिनेमा आहे. दिग्दर्शक भाड्याने घ्यायचा, मागे हळवं संगीत लावायचं, म्हाताऱ्या बाईचे वाकडे झालेले हात दाखवायचे. त्यावर "नको" कोण म्हणणार? प्रश्न विचारायचा तो एकच: पैसे कोण देणार? तर मी. अडीच लाख डॉलरांच्या वर उत्पन्न असलेल्यांचा कर वाढणार. माझ्या मोटेलचं उत्पन्न माझ्याच रिटर्नमध्ये येतं. कागदावर मी श्रीमंत. प्रत्यक्षात सप्टेंबरात आइक वादळाने छप्पर नेलं आणि विमा कंपनीशी भांडण अजून चालू आहे.

१९८१ साली दोन बॅगा घेऊन आलो. माझ्यावर कुणी अर्ध्या तासाची फिल्म काढली नाही.

एच१बी_हणमंत | रात्री ९:१७

तात्या, काढली असती तर अकराव्या मिनिटाला तुम्हीच बंद केली असती. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

फिलीचा_फटाका | रात्री ९:२३

मंडळी, इथे बेसबॉलची वर्ल्ड सिरीज चालू आहे आणि तुम्ही कर काय मोजताय! सोमवारी पाचवा सामना २-२ वर पावसाने अर्धवट थांबवला. दोन दिवस श्वास रोखून बसलोय. आज उरलेला सामना, आणि त्याच्याआधी फॉक्सवर कोण, तर ओबामा. अख्खं फिलाडेल्फिया बिअर हातात घेऊन आरोग्य धोरण ऐकत होतं.

मॅकेनने छान टोमणा मारला: मी अध्यक्ष झालो तर जाहिरातीसाठी कुणी वर्ल्ड सिरीज लांबवणार नाही. मत ओबामालाच देणार, पण या वाक्याला टाळी वाजवली.

जुनी_जाणती | रात्री ९:४०

पहिल्यांदाच काहीतरी घडतंय असं बोलताय सगळे. १९९२ आठवतंय का कुणाला? रॉस पेरोट. टेक्सासचा अब्जाधीश, तात्यांच्याच गावाकडचा. त्याने ऑक्टोबरात अर्धा तास विकत घेतला, टेबलामागे बसला आणि हातात छडी घेऊन राष्ट्रीय कर्जाचे तक्ते दाखवायला लागला. ना संगीत, ना गव्हाची शेतं. पुठ्ठ्यावरचे आलेख आणि किरटा आवाज. मुलांना झोपवून मी आणि आमचे हे दोघंही शेवटपर्यंत बसलो होतो. दीड कोटीच्या वर लोकांनी पाहिलं म्हणे. गणिताचा तास घ्यावा तसं!

नोव्हेंबरात त्याला जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली. आणि इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यागणिक मोजली जाणारी, ज्यांवर अध्यक्ष ठरतो ती? शून्य. भोपळा.

आजचं पाहताना तोच फरक जाणवला. पेरोटने आकडे दाखवले, माणसं नाही दाखवली. याने माणसं दाखवली आणि आकडे त्यांच्या तोंडी पेरले. कुठलं जास्त प्रामाणिक ते मला अजून ठरवता येत नाही.

डॉक्टर_मिझुरी | रात्री ९:५५

आत्तापर्यंत रोमात (नुसता वाचत) होतो. मिझुरीचं कुटुंब निघालं म्हणून लिहितो.

ती आई आठवा. चार मुलं, फ्रिज उघडून दाखवते: हा खाऊचा कप्पा, आठवड्याचा, प्रत्येकाच्या वाट्याचं ठरलेलं, संपलं की संपलं. नवऱ्याच्या पायाला दुखापत आहे आणि तो ऑपरेशन पुढे ढकलतोय, कारण घरी बसला तर पगार बुडतो. असे पेशंट माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. "डॉक्टर, आता नको, जानेवारीनंतर बघू." जानेवारीत डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) नव्याने सुरू होतं हे त्यांना ठाऊक असतं, तरी म्हणतात. म्हणजे दाखवलं ते खोटं नाही.

पण उपाय म्हणून जे सांगितलं ते मला पटलं नाही. सगळ्यांचे प्रीमियम कमी होणार, आधीचा आजार असला तरी विमा मिळणार, कुणावर सक्ती नाही. माझ्या व्यवसायातला कुणीही सांगेल, ही तीन वाक्यं एका दमात बोलता येतात, एका कायद्यात बसवता येत नाहीत. सक्ती नसेल तर निरोगी माणूस विमा काढणार नाही, तो आजारी पडल्यावरच येणार. मग प्रीमियम उतरणार कसा? हिलरी क्लिंटन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, हेच सांगत होत्या. तेव्हा यानेच त्यांना विरोध केला होता.

मत मात्र त्यालाच देईन. दुसऱ्या बाजूने या प्रश्नाला हात घालायची तयारीच दिसत नाही.

फिलीचा_फटाका | रात्री १०:०३

जिंकलो!!! ४-३!!! १९८० नंतर पहिल्यांदा!!! डॉक्टर, तुमचं उद्या वाचतो. बाहेर फटाके वाजतायत, दिवाळीचे नव्हेत!!!

हिंजवडीकर | ३० ऑक्टोबर, रात्री १२:०५

इथे सकाळचे साडेनऊ वाजलेत, भाऊबीज. बहिणीकडे निघायच्या आधी यूट्यूबवर पाहिली.

बाकी सगळं राहू द्या. "नोकऱ्या परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती बंद" असं तो सभांमधून म्हणतो ना? ती परदेशी गेलेली नोकरी म्हणजे मी. केंटकीचा फोर्डमधला कामगार, ज्याला एक आठवडा सोडून काम मिळतंय, त्याला पाहून वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी वाटलं, हा माणूस मला पाहून काय म्हणेल? आमच्या ऑफिसात निम्मे लोक ओबामाचे फॅन आहेत. मी विचारलं, अरे, तो आपल्याच पोटावर बोलतोय. तर म्हणे, बोलतो छान.

दुसरं. चाळीस-पन्नास लाख डॉलर खर्च म्हणून छापून आलंय. आजच्या भावाने वीस-पंचवीस कोटी रुपये. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा २५ लाख. त्यात या जाहिरातीचे वीसेक सेकंद येतील. गव्हाचं शेत संपायच्या आत उमेदवार संपला!

टेक्सासचा_तात्या | रात्री १२:३१

हिंजवडीकर, २५ लाखांत आपल्याकडे कोण निवडून येतो हो? नगरसेवक तरी येतो का? कागदावरच्या मर्यादा मला सांगू नका.

पण पैशाचं काढलंतच तर ऐका. हाच ओबामा म्हणाला होता, सरकारी निधी घेऊन मर्यादेत लढायला मी तयार आहे. जूनमध्ये पलटला. मॅकेनने शब्द पाळला, त्याला ८.४ कोटी डॉलर मिळाले आणि त्यातच सगळं भागवायचं. याने एकट्या सप्टेंबरात १५ कोटी गोळा केले. एकाने शब्द पाळला म्हणून तो गरीब, दुसऱ्याने मोडला म्हणून त्याच्याकडे अर्धा तास. आणि हा मला विश्वासाबद्दल सांगणार!

जुनी_जाणती | रात्री १२:४४

तात्यांना या मुद्द्यावर मोदक (अनुमोदन). मी ओबामाची, पण हे खरं आहे. पलटला.

एवढंच जोडते: इथल्या कायद्यानुसार चॅनेलने एका उमेदवाराला वेळ विकला तर दुसऱ्याला तशाच अटींवर विकावा लागतो. मॅकेनला दार बंद नव्हतं. खिसा बंद होता.

एच१बी_हणमंत | रात्री १:२०

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय.

मी ज्या बँकेत होतो तिथे सप्टेंबरात आमची अख्खी टीम एका सकाळी कमी केली. नाव लिहीत नाही. आमच्या व्हिसावर नोकरी गेली की त्याच दिवसापासून स्टेटसचा प्रश्न. सहा वर्षं कर भरला, सोशल सिक्युरिटी भरली, ती परत मिळेल की नाही माहीत नाही. मताचा हक्क नाही.

ती चार कुटुंबं पाहताना बायको म्हणाली, "यांच्यात आपण कुठे?" कुठेच नाही. घर गेलं तर त्यांच्यावर फिल्म निघते. आपलं गेलं तर न्यूअर्कहून मुंबईचं विमान. आणि वर हिंजवडीकर तिथून म्हणतोय की त्याचीही नोकरी जाणार. मग ती नोकरी नेमकी जाते तरी कुठे राव?

तरीसुद्धा शेवटपर्यंत पाहिलं. आईबद्दल तो बोलला तेव्हा आवाज वाढवला. ५३ पूर्ण व्हायच्या आत कर्करोगाने गेली आणि शेवटच्या महिन्यांत विम्याच्या कागदांशी झगडत होती असं तो सांगतो.

शेवंती_ओहायो | सकाळी ७:३०

हणमंत, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. आमच्या यांच्या कंपनीत दोन जागा आहेत. रेझ्युमे पाठवा, लाजू नका.

काल एक लिहायचं राहिलं. सासूबाई महिनाभरापासून इथे आहेत. इंग्रजी समजत नाही, पण त्याही शेजारी बसून पाहत होत्या. मिझुरीच्या बाईचा फ्रिज पाहून म्हणाल्या, "काटकसरीची आहे गं पोर. पण वाटे घालून नये ठेवू. एखाद्याला जास्त भूक लागली तर?" मग दोन मिनिटांनी: "पण एवढा मोठा फ्रिज असून गरीब?"

यांना हसू आलं. मला त्याचं उत्तर देता येईना. घर आहे, दारात गाडी आहे, फ्रिज आहे आणि एक आजारपण आलं की सगळं बँकेचं. हे त्यांना समजावायला मॉर्गेज, को-पे, डिडक्टिबल तिन्ही शब्द लागले. मराठीत तिन्हींना शब्द नाही.

लुईव्हिलचा_पाना | दुपारी १२:४०

केंटकीहून. फोर्डला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात आहे. इथे फोर्डचे दोन कारखाने, एकात एक्सप्लोरर, दुसऱ्यात मोठे ट्रक. जुलैत पेट्रोल चार डॉलरच्या वर गेलं आणि असल्या गाड्या कुणी घेईना. एक आठवडा सोडून काम हे जाहिरातीसाठी रचलेलं नाही. आमच्याकडचेही दोन दिवस कापलेत.

आज जेवणाच्या सुट्टीत हाच विषय. एक जण, फोर्डमध्ये आजोबांपासूनची नोकरी, म्हणाला की पहिल्यांदा कुणी तरी आमची गोष्ट नीट ऐकून घेतली. त्याच्या समोरचा, त्याचीही तीच परिस्थिती, म्हणाला, "शिकागोचा वकील आमच्या घरात कॅमेरा घेऊन आला आणि आम्हाला बिचारं करून गेला." चिडला होता. गरिबीपेक्षा गरीब म्हणून दाखवलं जाण्याचा राग जास्त. मला तो समजला. आमच्या गावी दुष्काळाचं शूटिंग करायला वाहिनीवाले आले तेव्हा आजोबा धोतर बदलून आले होते. कॅमेरावाला म्हणाला, मघाचंच नेसा.

तिसरा काही बोलला नाही. सँडविच खात राहिला. असे न बोलणारे इथे पुष्कळ आहेत. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाला उभा राहिलेला कृष्णवर्णीय टॉम ब्रॅडली चाचण्यांत पुढे होता आणि मतपेटीत हरला, ती गोष्ट उगाच आठवते.

टेक्सासचा_तात्या | दुपारी २:०५

पाना, धोतराची गोष्ट माझ्याच मनातली बोललात. मला काल हेच म्हणायचं होतं, कराचं मध्येच आलं.

डॉक्टर_मिझुरी | सायंकाळी ६:१०

आकडे आले. सगळ्या चॅनेलांवर मिळून साधारण ३ कोटी ३५ लाख लोकांनी पाहिलं. पेरोटच्या दुप्पट. मॅकेनबरोबरच्या शेवटच्या डिबेटला मात्र ५ कोटी ६५ लाख होते. म्हणजे भांडण असलं की लोक जास्त बसतात.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? अख्ख्या अर्ध्या तासात मॅकेनचं नाव नाही. त्याच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या पेलिनचं नाही.

फिलीचा_फटाका | सायंकाळी ६:३२

पुढे असणारा मागच्याचं नाव घेत नसतो. (घसा बसलाय, उद्या विजयी मिरवणूक आहे, ऑफिसला दांडी.)

टेक्सासचा_तात्या | रात्री ११:१५

आज पुरती पाहिली. तुम्ही सगळे "अकरा मिनिटं, अकरा मिनिटं" करत होतात म्हणून.

हणमंतने लिहिलेला आईचा भाग माझ्या अकरा मिनिटांनंतरचा निघाला. सांगायला हरकत नाही, माझी बायको २००३ मध्ये याच आजाराने गेली. बिलं किती वर्षं येत होती ते विचारू नका. हॉस्पिटलच्या नावाचं पाकीट अजूनही दिसलं की पोटात गोळा येतो.

डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याचाच राग आला. जे माझं आहे ते काढून याने मला विकलं. रडवता येतं म्हणून राज्य करता येतं असं नाही. मत मॅकेनलाच. पण "सिनेमा आहे" हे वाक्य मागे घेतो.

एच१बी_हणमंत | रात्री ११:२८

तात्या, माफ करा. वरचा विनोद मागे.

टेक्सासचा_तात्या | रात्री ११:३०

विनोद राहू दे रे. चांगला होता. रेझ्युमे मलाही पाठव, ह्यूस्टनला ओळखी आहेत.

हिंजवडीकर | ३१ ऑक्टोबर, रात्री १:१५

एक शंका. मतदान ४ तारखेला, आणि आदल्या दिवशीपर्यंत प्रचार चालू? आपल्याकडे मतदान संपण्याआधी ४८ तास भोंगे बंद. दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना फुकट वेळ मिळतो खरा, पण भाषणाची संहिता आधी दाखवावी लागते. आणि ती भाषणं! पाठीमागे निळा पडदा, समोर कागद, नेता वर न बघता वाचतोय. आमच्याकडे ती लागली की बाबा चहा टाकायला उठायचे. २००४ च्या "इंडिया शायनिंग"मध्ये हसरे शेतकरी होते, झगमगाट होता, आणि सरकार पडलं.

जुनी_जाणती | सकाळी ८:२०

इथे शांतता काळ वगैरे नाही. उलट लाखो लोकांनी मत देऊनही टाकलंय. ३ कोटींतल्या किती जणांचं मत आधीच पेटीत पडलं होतं कोण जाणे. मग ती जाहिरात त्यांच्यासाठी काय होती? आपण बरोबर केलं याची पावती.

शेवंती_ओहायो | १ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

आमच्या ओहायोत आधी मत देता येतं. आज जाऊन आले. दोन तास रांग. माझ्या पुढे एक आजोबा होते, त्यांना खुर्ची आणून दिली तर बसले नाहीत. सासूबाई सोबत होत्या, रांगेतल्या चौघांना चकल्या देऊन झाल्या.

लुईव्हिलचा_पाना | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

झालं. केंटकी मॅकेनकडे, अपेक्षेप्रमाणे. देश ओबामाकडे. आमच्या कँटीनमधला तो तिसरा आज म्हणाला, "मी त्याला दिलं." बाकी काही बोलला नाही. ब्रॅडलीची भीती माझ्याच डोक्यात होती म्हणायची.

डॉक्टर_मिझुरी | २० नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, कारण मिझुरीचा निकाल आत्ता कुठे लागला. मॅकेन, तेही चार हजारांहून कमी मतांनी. एकूण मतं २९ लाखांच्या आसपास! १९०४ पासून, १९५६ चा अपवाद सोडला तर, मिझुरी ज्याला निवडते तोच अध्यक्ष होत आलाय. या वेळी हुकलं.

म्हणजे जाहिरातीतल्या चार कुटुंबांपैकी ओहायो आणि न्यू मेक्सिको त्याला, केंटकी आणि मिझुरी मॅकेनला. दोन-दोन. आणि परवा तसाच ऑपरेशन पुढे ढकलणारा माझा एक पेशंट आला होता, मी म्हटलं, आता करून घे. म्हणाला, जानेवारीनंतर बघू.

टेक्सासचा_तात्या | रात्री १०:०२

बरं शेवंतीताई, ओहायो त्याला गेलं ते कळलं. तुम्ही कोणाला दिलंत ते या धाग्यावर शेवटपर्यंत लिहिलं नाहीत.

शेवंती_ओहायो | रात्री १०:१५

तात्या, अजून यांनाही सांगितलेलं नाही.